सरकारी रानातलं बेकायदा राज्य: चंदीगडच्या रॉक गार्डनचं प्रकरण

1970च्या दशकाच्या मध्यावर चंदीगड प्रशासनापुढे एक विचित्र पेच उभा राहिला. शहराच्या उत्तर टोकाला, उच्च न्यायालय आणि सुखना तलाव यांच्यामधल्या राखीव रानात कुणीतरी परवानगीशिवाय बांधकाम केलं होतं. झोपडी किंवा टपरी असती तर उत्तर ठरलेलं होतं. पण इथे ओढ्याच्या घळीत साधारण 12 एकरांवर एकातून दुसरं निघणारी अंगणं होती, दगडी भिंती आणि वळणाच्या वाटा होत्या, आणि शेकडो मूर्ती रांगेने उभ्या होत्या. माणसं, माकडं, मोर, वादक, डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका. सगळं फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा, भट्टीतली मळी आणि सिमेंट यांतून घडवलेलं. करणारा माणूस बाहेरचा नव्हता. तो सार्वजनिक बांधकाम खात्यातला रस्ते निरीक्षक होता, त्याचं नाव नेकचंद सैनी. सरकारी जमिनीवर, सरकारी नोकराने, सरकारच्याच शहरातल्या टाकाऊ मालातून हे उभं केलं होतं, आणि जवळपास 18 वर्षं त्याचा बोभाटा झाला नव्हता.

पाडायचं की ठेवायचं, हा त्या वेळचा प्रश्न. उत्तर काय मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे, कारण रॉक गार्डन आज चंदीगडचं सर्वांत गर्दीचं ठिकाण आहे आणि महाराष्ट्रातून उत्तरेला जाणाऱ्या सहलींच्या यादीत ते हमखास असतं. पण हे प्रकरण तिथे संपत नाही. त्या निर्णयाने जे प्रश्न अर्धवट सोडवले ते पुढच्या पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा वर आले, अगदी 2025मध्येही. ‘कचऱ्यातून कला’ या कौतुकाच्या शिक्क्याखाली ते झाकले जातात. मला हा शिक्का खटकतो. त्याने माणसाचं कौशल्यही झाकतं आणि त्या कचऱ्याचा इतिहासही.

कचरा आला कुठून, तिथून सुरुवात करावी लागते. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारताच्या वाट्याच्या पंजाबला राजधानी उरली नाही. नवी राजधानी शिवालिकच्या पायथ्याशी बांधायचं ठरलं. आधी अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी या वास्तुरचनाकारांनी आराखडा केला. 1950मध्ये नोविकी विमान अपघातात गेले, आणि काम स्विस-फ्रेंच वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आलं. सोबत पिएर जान्रे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू होते. चौकोनी सेक्टर, रस्त्यांचे सात दर्जे, उत्तरेला सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय. कागदावर ही जागा मोकळी दिसत होती, प्रत्यक्षात तिथे गावं होती. शेतं, विहिरी, आंब्याच्या बागा, घरं होती. शहर उभं राहावं म्हणून गावंच्या गावं उठवली गेली. घरं पाडली की मागे काय राहतं, हे कुणालाही सांगायला नको. कौलं, मडक्यांची खापरं, चुलीचे दगड, फुटलेली भांडी, बांगड्या. पुढे शहर वसू लागलं तशी नव्या बांधकामांच्या राडारोड्याचीही त्यात भर पडली.

नेकचंद स्वतः उठवले गेलेल्यांपैकीच. त्यांचा जन्म 1924चा, शकरगढ तहसिलीतल्या बेरियाँ कलाँ गावातला. शेतकरी कुटुंब. 1947मध्ये ते गाव सीमेपलीकडे गेलं आणि कुटुंब अलीकडे आलं. काही वर्षांनी चंदीगडच्या कामावर त्यांना नोकरी मिळाली. आपलं गाव गमावलेला माणूस दुसऱ्यांची गावं पुसून होत असलेल्या शहरात रस्ते बांधायला लागला. या एका वाक्यात सगळं समजावून सांगता येईल असा माझा दावा नाही. मात्र पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याकडे पाहताना त्या माणसाला नुसता राडारोडा दिसला नसेल, एवढं मी ठामपणे म्हणेन.

1958च्या सुमारास त्यांनी गोळा करायला सुरुवात केली, आणि आधी गोळा केले ते दगड. शिवालिकमधून येणाऱ्या ओढ्यांच्या पात्रांत पाण्याने झिजून चित्रविचित्र आकाराचे झालेले दगड सायकलवर लादून ते आणायचे. कुणात त्यांना माणूस दिसायचा, कुणात पक्षी, कुणात देव. बागेचं नाव ‘रॉक’ गार्डन आहे ते याच दगडांमुळे, आणि आजही पहिल्या भागात ते दगड ओट्यांवर मांडलेले दिसतात, कसलाही हात न लावलेले. मला संपूर्ण बागेत तोच भाग सर्वांत थोर वाटतो. तिथे कलाकाराने फक्त निवड केली आहे आणि जागा दिली आहे. एखादा दगड उचलून योग्य उंचीवर, योग्य शेजाऱ्याजवळ ठेवणं हेच काम. ते करायला जी नजर लागते ती पुढच्या प्रत्येक मूर्तीच्या मुळाशी आहे.

जवळपास सात वर्षं ते नुसतं जमवत होते. मूर्ती घडवायला 1965च्या आसपास सुरुवात झाली. नोकरी संपवून संध्याकाळी ते रानात जायचे, पत्नीची साथ असायची, आणि अंधारात जुने टायर जाळून त्या उजेडात काम चालायचं. त्या जागेवर बांधकामाला पूर्ण बंदी होती. कॅपिटॉलच्या, म्हणजे सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्या इमारतींभोवती रान मोकळं राहावं असं आराखड्यातच होतं. गंमत अशी की त्या बंदीनेच त्यांना आडोसा दिला. जिथे कुणाला काही करायची परवानगी नाही, तिथे कुणी जातही नाही.

आता कामाच्या पद्धतीबद्दल, कारण मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो आणि त्यावरच सर्वांत कमी बोललं जातं. नेकचंद यांना कलेचं शिक्षण नव्हतं हे खरं. पण ते अडाणी हौशी होते असं समजणं चूक आहे. वाळू-सिमेंटचं प्रमाण, पाणी किती घालायचं, कधी ओलं ठेवायचं, भार कसा पेलायचा, उतारावरचं पाणी कुठून काढायचं, हे त्यांचं रोजचं काम होतं. ल कॉर्ब्युझिए यांचं शहर काँक्रीटचं होतं. ते काँक्रीट ओतताना नेकचंद जे शिकले तेच त्यांनी रानात वापरलं. मूर्तीच्या आत सायकलचे सांगाडे, पाइपचे तुकडे, वाकड्या सळ्या असा सापळा. त्यावर वाळू-सिमेंटचा थर चढवून आकार द्यायचा, मग वर घट्ट सिमेंटचा हात. तो ओला असतानाच त्यात काचा, खापरं, चिनीमातीचे तुकडे दाबून बसवायचे. सिमेंट आवळायला लागेपर्यंतचा जो वेळ, तेवढ्यातच सगळी सजावट. त्यामुळे तुकडे आधी रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे वेगळे करून हाताशी ठेवावे लागतात. म्हणजे वर्षानुवर्षांच्या त्या जमवाजमवीत जितकी माया होती तितकीच तयारीही होती.

प्रत्येक वस्तूला तिच्या गुणाप्रमाणे काम मिळालं आहे. बांगड्यांच्या काचा बायकांच्या अंगावर कपडे होऊन बसल्या, कारण त्यांची वक्ररेषा अंगाच्या गोलाईवर नीट बसते. विजेच्या कामातून निघालेले पांढरे चिनीमातीचे फ्यूज होल्डर शेकड्यांनी रचून भिंती झाल्या. ते एकाच मापाचे असतात, विटेसारखे एकावर एक बसतात. डांबराची रिकामी पिंपं साच्यासारखी वापरून काँक्रीटचे खांब आणि भिंती ओतल्या. पावसात भिजून दगड झालेल्या सिमेंटच्या गोण्या तशाच रचल्या. गोणीचं विणकाम त्या भिंतीवर आजही दिसतं. न्हाव्याकडचे केस काही मूर्तींच्या डोक्यांवर आले. शिंप्यांकडच्या चिंध्यांच्या मोठाल्या बाहुल्या झाल्या. रस्त्याच्या कामावरचा मुकादम जसा कुठली खडी कुठे टाकायची ते ठरवतो, तसं हे ठरवलेलं आहे. कल्पनाशक्ती अफाट होती, पण ती मालाचा स्वभाव ओळखून चालत होती.

मूर्तींचे चेहरे जवळपास सारखे आहेत. गोल, निर्विकार, डोळे उघडे. काही समीक्षकांना हा दोष वाटतो. माझं मत उलट आहे. एक मूर्ती उचलून संग्रहालयात ठेवली तर ती साधी वाटू शकते, पण तशाच चाळीस जणी उतारावर एकीमागे एक उभ्या असतात तेव्हा पाहणारा थबकतो, कारण अचानक आपल्याकडे एक अख्खं गाव बघत असतं. हे काम एकेका पुतळ्याचं नाहीच. ते समूहाचं आहे, आणि मांडणीचं. नेकचंद याला एका काल्पनिक राज्याची गोष्ट जोडत असत, त्यात राजा-राणीची दालनं, दरबार, वस्ती असं सगळं होतं. दारं मुद्दाम बुटकी केली आहेत, म्हणजे आत जाणाऱ्याला मान झुकवावी लागते. वाटा अशा वळवल्या आहेत की पुढचं अंगण आधी दिसत नाही. दिवसा सरळ रेषेतले रस्ते तपासणाऱ्या माणसाने संध्याकाळी एकही सरळ वाट आखली नाही.

चंदीगडसाठी ल कॉर्ब्युझिए यांनी एक आज्ञापत्र लिहून ठेवलं होतं. त्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्या या बागेशेजारी ठेवून वाचाव्यात. एक म्हणजे शहरात किंवा बागांत व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत. दुसरी म्हणजे बांधकामाच्या साहित्याचा, म्हणजे काँक्रीट, वीट आणि दगड यांचा खरेपणा राखावा. पहिल्या आज्ञेचा भंग झाला असं वरवर वाटेल, कारण मूर्तींची संख्या हजारांत गेली. पण त्यांत एकही कुणा थोर पुरुषाचा पुतळा नाही. सगळे निनावी आहेत. आणि साहित्याच्या खरेपणाबद्दल म्हणाल, तर फुटकी कपबशी तिथे फुटकी कपबशीच दिसते, रंग फासून तिला दुसरं काही केलेलं नाही. ज्या रस्ते निरीक्षकाचं काम आराखड्याच्या विरोधात होतं, त्याने आराखड्याचा गाभा इतरांहून जास्त पाळला, असं मला मनापासून वाटतं.

मग काम उघडकीला आलं. नियमाप्रमाणे त्यांची नोकरी जाऊ शकली असती आणि बाग एका दिवसात सपाट झाली असती. तसं झालं नाही, याचं बरंचसं श्रेय एम. एस. रंधावा यांना जातं. ते आयसीएस, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतीय नागरी सेवेतले अधिकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ, पहाडी चित्रकलेचे जाणकार आणि चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त. शहराच्या वृक्षराजीची आखणीही त्यांच्या देखरेखीखाली झाली होती. आपण समोर काय पाहतो आहोत हे त्यांनी ओळखलं आणि हे काम राखावं, नेकचंदना त्यांच्या मनाप्रमाणे करू द्यावं, असा आग्रह धरला. लोकही पाहायला येऊ लागले होते, आणि एकदा गर्दी जमली की पाडणं अवघड होतं. 1976मध्ये बाग अधिकृतपणे खुली झाली. ते वर्ष आणीबाणीचं होतं. त्याच वर्षी दिल्लीत तुर्कमान गेटजवळ माणसं राहत असलेल्या घरांवर बुलडोझर चालले. एकाच काळात, अडीचशे किलोमीटरच्या अंतरावर, बेकायदा ठरवलेल्या दोन वस्त्यांना असा वेगवेगळा न्याय मिळाला. हे आठवलं की रॉक गार्डन वाचल्याचा आनंद निखळ राहत नाही, आणि राहूही नये.

प्रशासनाने पळवाट मोठी कल्पक काढली. माणसाची बदली त्याच्याच बेकायदा कामावर केली. नेकचंद यांना ‘उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन’ असं पद, पगार आणि 50 मजूर मिळाले. शहरात ठिकठिकाणी टाकाऊ सामान गोळा करण्याची सोय झाली. 1983मध्ये टपाल खात्याने बागेवर तिकीट काढलं, 1984मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1986मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयात त्यांच्या मूर्तींची एक बाग उभी राहिली.

या मान्यतेची किंमत काय होती? एकट्याने केलेल्या कामात हात कुठे थांबवायचा हे हातालाच कळतं. 50 माणसं आणि अंदाजपत्रक हाताशी आलं की माप बदलतं. दुसऱ्या टप्प्यात धबधबे, महालासारखी दालनं, झाडांच्या मुळांसारखे काँक्रीटचे प्रचंड आकार आले, मूर्तींच्या मोठाल्या सेना आल्या. हा टप्पा भव्य आहे आणि माझ्या मते यशस्वीही आहे. तिसऱ्या टप्प्यात मात्र उंच कमानींना लटकवलेले झोपाळे, खुलं नाट्यगृह, जत्रेची जागा अशी रचना झाली. लहान मुलं तिथे खूश असतात, आणि नेकचंदना लोक यायला हवेच होते, त्यामुळे याला घसरण म्हणणं अन्यायाचं ठरेल. तरीही पहिल्या भागातल्या दगडांसमोर जी शांत एकाग्रता जाणवते ती तिथे नाही. बाग सुरुवातीच्या 12 एकरांच्या दुप्पट-तिप्पट झाली, पण घनता पातळ झाली.

दुसरी किंमत जास्त गंभीर होती. बाग सरकारी खात्याची झाली, म्हणजे सरकारी खात्याच्या मर्जीवर आली. 1990च्या सुमारास बागेच्या जागेतून रस्ता काढायचा बेत झाला आणि बुलडोझर आले. तेव्हा चंदीगडच्या नागरिकांनी हातात हात घालून साखळी केली आणि यंत्रं अडवली. वाद शेजारच्या उच्च न्यायालयाच्या वकिलांच्या सोयीशी जोडलेला होता, आणि न्यायालयातही गेला. बाग टिकली. 1996मध्ये नेकचंद अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले असताना बागेवरचे कर्मचारी काढून घेतले गेले, आणि त्या काळात मूर्तींची मोडतोड झाली. वीस वर्षं अधिकृत असलेल्या कामाची ही अवस्था, निर्माता काही काळ देशाबाहेर होता म्हणून. पुढच्याच वर्षी, 1997मध्ये, इंग्लंडमध्ये त्यांच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन झालं. त्यामागे ‘रॉ व्हिजन’ या नियतकालिकाचे संपादक जॉन मायझेल्स होते. परदेशी स्वयंसेवक येऊन भिंतींवर तुकडे बसवण्याचं काम करू लागले.

12 जून 2015 रोजी नेकचंद गेले, वयाच्या 90व्या वर्षी. पुढच्याच वर्षी, 2016मध्ये, ल कॉर्ब्युझिए यांच्या इतर कामांबरोबर चंदीगडचा कॅपिटॉल परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्यात उच्च न्यायालयाची इमारतही आली. वारसा झालेल्या इमारतीभोवती मनाला येईल तसं बांधता येत नाही, पण न्यायालयाचं काम आणि गाड्या वाढतच राहतात. तो दाब मग बाजूला सरकतो, आणि बाजूला बाग आहे. 2025च्या सुरुवातीला न्यायालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी आणि वाहनतळासाठी रॉक गार्डनच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला, तिथली झाडं हलवली गेली. नागरिक पुन्हा रस्त्यावर आले, पण या वेळी भिंत वाचली नाही.

त्यानंतर जे वाद झाले त्यात भिंत ‘मूळ’ बागेची का नंतरची, यावर फार खल झाला. मला तो मुद्दाच चुकीच्या जागी ठेवलेला वाटतो. हे काम वाढत जाणारं होतं. त्याला मूळ नकाशा कधी नव्हताच. ज्याचा नकाशा आहे त्याचं रक्षण आपल्याला जमतं: रेषा कागदावर असते, ती ओलांडली की उल्लंघन. ज्याचा नकाशा करणाऱ्याच्या डोक्यात होता, त्याची हद्द तो गेल्यावर कोण सांगणार? चंदीगडमध्ये शेजारी-शेजारी असलेल्या दोन कामांचं, कॅपिटॉल आणि बाग यांचं, नशीब यामुळे वेगळं झालं, आणि दोन्ही कामं काँक्रीटचीच आहेत.

त्यात साहित्याचा प्रश्न भर घालतो. सिमेंटच्या आत लोखंडी सायकलचा सांगाडा असतो. वर्षानुवर्षांच्या पावसाने चिरांतून पाणी आत जातं, लोखंड गंजतं, गंजताना फुगतं, आणि सिमेंट आतून फोडतं. हे पुलाचं होतं, गच्चीचं होतं, तसं मूर्तीचंही होतं. काचा निखळतात, आणि निखळलेल्या जागी कुठली काच बसवायची? आज तशा बांगड्या, तशा कपबश्या, तसे फ्यूज होल्डर घरांतून निघत नाहीत. बाजारातून नव्या टाइल आणून फोडून बसवल्या तर रंग भरेल, पण नेकचंद यांच्या कामात तुकडा आधी कुणाच्यातरी घरात वापरलेला असायचा. मुद्दाम फोडलेल्या नव्या तुकड्याने ते होत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने हे ठरवायलाच हवं, आणि ठरवून लिहून ठेवायला हवं.

भारताबाहेर त्यांच्या मूर्तींचा सर्वांत मोठा संग्रह अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, शेबॉयगनच्या जॉन मायकल कोहलर कला केंद्राकडे आहे. छताखाली, नोंदी असलेला, संवर्धकांच्या देखरेखीखाली. वॉशिंग्टनची बाग मात्र 2004मध्ये संग्रहालयाने जागा सोडली तेव्हा मोडली आणि मूर्ती विखुरल्या. दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. नोंद असलेल्या मूर्ती टिकतात, पण रांगेतून उचलल्या की त्या एकट्या होतात. रांग टिकवायची तर ती चंदीगडमध्येच टिकू शकते, त्याच उतारावर, त्याच उन्हा-पावसात. त्यासाठी आज अशक्य काही नको आहे. प्रत्येक अंगणाची मोजणी आणि छायाचित्रं, तिसऱ्या टप्प्यासकट संपूर्ण बागेची सीमा कायद्याने पक्की करणारी अधिसूचना, आणि ज्या कामगारांनी नेकचंद यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं सिमेंट कालवलं त्यांच्याकडून मिश्रणाची प्रमाणं, सापळे बांधण्याच्या पद्धती, माल कुठून यायचा याच्या आठवणी टिपून घेणं. शेवटचं काम सर्वांत आधी करायला हवं, कारण त्या माणसांचीही वयं झाली आहेत.